बिनधारेच्या सुऱ्यांचा मिस्त्री

आमच्या वांगझरीत माणसाला भुताची भीती आयुष्यात एकदाच वाटते, ती हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत. एरवी हाच गडी मसणवट्याच्या कडेने बैलगाडी हाकत गाणी म्हणत घरी येतो. पण एकदा का अंगाला हळद लागली, की पंचक्रोशीतल्या सगळ्या हडळी आणि मुंजे आपापली कामं टाकून त्याच्याच मागे लागतात, अशी गावाची पक्की खात्री आहे. म्हणून नवरदेवाच्या हातात सुरी द्यायची, सुरीच्या टोकाला लिंबू खोचायचं, आणि ती सुरी हातात धरून त्याने जेवायचं, झोपायचं आणि सकाळी तांब्या घेऊन शेताकडेही जायचं. लोखंड बघून भूत पळतं म्हणतात. पळत असेल. माझ्या लग्नात मीही ती सुरी धरली होती. भूत काही दिसलं नाही, पण पाठीला खाज सुटली की फार पंचाईत व्हायची.

माझी ती सुरी जोतीरामने केली होती. माझीच काय, माझ्या वयाच्या सगळ्या गड्यांच्या सुऱ्या त्यानेच केल्या. गावातल्या प्रत्येक नवऱ्याला शस्त्र पुरवणारा हा माणूस स्वतः मात्र पस्तिशी ओलांडेपर्यंत बिनलग्नाचा होता. गावाला यात काही गैर वाटत नव्हतं.

जोतीरामच्या आधी गावात नवरदेवासाठी एकच हत्यार होतं, लालासाहेबांची कट्यार. लालासाहेब म्हणजे गावचे पाटील. पाटीलकी कायद्याने कधीच गेली होती, पण ते त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. कट्यारीची मूठ चांदीची. ती त्यांच्या पणजोबांना एका लढाईत मिळाली होती आणि ती लढाई कुठली हे सांगणाऱ्याच्या लहरीप्रमाणे बदलायचं. ज्याच्या घरी लग्न, त्याने जाऊन लालासाहेबांच्या ओसरीवर ताटकळत बसायचं. कट्यार मिळायची, नाही असं नाही. पण तिच्यामागोमाग लालासाहेबही यायचे. पहिला मान त्यांचा, पहिला फेटा त्यांना, पहिल्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. जेवून हात धुताना ते नवऱ्याच्या बापाला ऐकवायचे, "आमची कट्यार हुती म्हनून निभावलं."

एका वर्षी गावात एकाच तिथीला दोन लग्नं निघाली. कट्यार बड्या घरी गेली. दुसरा नवरदेव होता जोतीरामचा चुलतभाऊ नाथाजी. त्याच्या हातात घरच्यांनी खुरपं दिलं आणि खुरप्याला लिंबू खोचलं. वऱ्हाड विट्याकडचं, तिथल्या बायका तोंडाच्या फटकळ. मांडवात शिरल्याबरोबर एकीने विचारलं, "आवं पाव्हनं, भांगलन उरकून आलासा का आजून ऱ्हायलीया?" सगळा मांडव हसला. नाथाजी खुरपं पाठीमागे लपवायला गेला आणि लिंबू जाऊन भटजींच्या पळीपंचपात्रात पडलं.

जोतीराम हसला नाही. तो तेव्हा हमरस्त्याच्या नाक्यावर वजीर मिस्त्रीच्या हाताखाली कामाला होता. उसाच्या ट्रकांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. आमचे रस्ते सरकारने जणू वजीर मिस्त्रीचं पोट भरावं म्हणूनच बांधले होते. खड्ड्यात ट्रक आदळला की कमानीचा पाटा तुटायचा. तुटक्या पाट्यांचा ढीग गॅरेजमागे गंजत पडलेला असायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जोतीरामने त्यातला एक तुकडा उचलला आणि म्हणाला, "मी करतो सुरी."

"तुला येती व्हय?" वजीर मिस्त्रीने विचारलं.

"न्हाई."

"मग कर," मिस्त्री म्हणाला. "येनाऱ्यानी आजपातूर कुटं केलीया?"

तर अशी आमच्या गावच्या शस्त्रविद्येची सुरुवात. त्याची भट्टी म्हणजे डांबराचा फुटका पिंप, आतून मातीने लिंपलेला. वाऱ्याला सायकलच्या चाकावर पट्टा टाकून फिरवलेला पत्र्याचा पंखा. ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा. मिरजेची लाईन अरुंदची रुंद झाली, तेव्हा जुने रूळ निघाले आणि त्यातले काही तुकडे पाय फुटून गावोगाव गेले. आमच्याकडे बऱ्याच घरांत ते पाणी तापवायच्या चुलीला लागलेत. कोळसा बाभळीचा, मूठ मोडक्या नांगराच्या लाकडाची, आणि मुठीचे खिळे राहीबाईच्या बिघडलेल्या स्टोव्हच्या पितळेचे. राहीबाई म्हणजे जोतीरामची आई. तो स्टोव्ह बिघडला नव्हता असं ती मरेपर्यंत सांगत होती.

पाटा लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवायचा, म्हणजे त्याचा ताठा उतरतो. मग ठोकून, करवतून, कानसून सुरीचा आकार आणायचा. पुन्हा भट्टीत घालायचा आणि फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक त्याला चिकटेनासं झालं की उचलून जळक्या ऑईलमध्ये बुडवायचा. याला म्हणायचं पाणी देणं. पाणी दिलेली सुरी काचेसारखी कडक होते, म्हणून ती पुन्हा तव्यावर ठेवून गव्हाळ रंग येईपर्यंत शेकायची. तवा अर्थातच राहीबाईचा. तिच्या घरच्या भाकरीला पुढे कायम इंजिनाचा वास यायचा. पाहुणे विचारायचे, जवळपास गिरणी आहे का?

पहिल्या पाच-सहा सुऱ्या मोडल्या, वाकल्या, एक उडून वजीर मिस्त्रीच्या दाराच्या फळीत घुसली. मग एक नीट जमली. तिला त्याने दाढी करता येईल अशी धार काढली, आणि गावातल्या पुढच्याच नवरदेवाने ती मिरवली. वरातीत तो गडी दारू पिऊन हात वर करून नाचला आणि हलगीवाल्याच्या हलगीचं कातडं टरकन फाटलं. वरात तिथून घरापर्यंत नुसत्या टाळ्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी देवळापुढे जाणती माणसं बसली आणि त्यांनी ठराव केला की नवरदेवाच्या सुरीला धार लावायची नाही. लालासाहेब म्हणाले, "आमच्या कट्यारीला कवा धार नव्हती. म्हनून तर ती टिकली." या वाक्यावर मी अजून अधूनमधून विचार करतो.

तेव्हापासून जोतीराम बिनधारेच्या सुऱ्या करू लागला. आमच्याकडे बाया भाजी विळीवर चिरतात, गड्यांना कोयता आणि विळा पुरतो, बकरं कापायचं तर मुलाणी स्वतःची सुरी घेऊन येतो. म्हणजे जोतीरामच्या सुरीला लिंबू सोडून गावात दुसरं कामच नव्हतं. लग्न झालं की ती घरातल्या खुंटीला टांगायची, सून बाळंत झाली की तिच्या उशाखाली जायची आणि बारसं झालं की पुन्हा खुंटीला. पण पाणी तो प्रत्येक सुरीला तितक्याच निगुतीने द्यायचा. "लिंबात खुपसायच्या सुरीला येवढं पानी कशापायी रं?" असं वजीर मिस्त्रीने विचारलं, तर म्हणायचा, "भुताला कळतंया."

आता त्याच्या लग्नाचं. आमच्या गावात मूल चालायला लागलं की आधी त्याचे तळपाय बघतात, भरतीला चालतील का म्हणून. घरटी एक माणूस फौजेत. जोतीरामचे तळपाय सपाट निघाले. साताऱ्याच्या भरतीत डॉक्टरने त्याला ओल्या पायाने फरशीवर उभं केलं, ठसा बघितला आणि घरी जायला सांगितलं. बस. जे पाय सरकारला चालले नाहीत ते आपल्या पोरीला काय चालणार, असा आसपासच्या सगळ्या पोरींच्या बापांनी हिशेब केला. तरी राहीबाईने एकदा म्हसवडकडचं एक स्थळ घरापर्यंत आणलं. पोरीच्या बापाला तिने पोहे दिले, पोरगा कारागीर आहे म्हणाली. जोतीराम आत बसला होता. त्याला वाटलं, आईच्या बोलण्याला आधार द्यावा. तो नवी कोरी सुरी घेऊन बाहेर आला आणि त्याने ती पाहुण्याच्या नाकासमोर सपकन म्यानातून काढली. पाहुण्याने पोह्याची बशी अलगद खाली ठेवली. "सिद्धनाथाला कौल लावून कळवतो," म्हणाला आणि गेला. सिद्धनाथाने अजून काही कळवलेलं नाही.

याच गावात मनुबाई होती, केरबाची थोरली बहीण. केरबा वरच्या आळीचा, जोतीराम खालच्या. मनुबाईचं लग्न पलीकडच्या गावात झालं होतं. नवरा एकाहत्तरच्या लढाईत पडला. सासरच्यांनी वर्षभर तिला सांभाळलं आणि मग भावाकडे आणून सोडलं. तेव्हापासून तिच्याबद्दल आमच्या गावाला फार अभिमान. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंड्याशेजारी तिला खुर्ची असायची. खुर्ची लालासाहेबांच्या घरून यायची आणि झेंडावंदन झाल्याबरोबर परत जायची. मनुबाई तिच्यावरून उठलीय का, हे बघायलाही कुणी थांबत नसे. वर्षातले ते दोन दिवस ती वीरपत्नी. बाकीचे दिवस ती रांडमुंड. सकाळी ती समोरून आली की एसटी पकडायला निघालेली माणसं माघारी फिरायची, थोडं पाणी पिऊन पुन्हा निघायची आणि एसटी चुकवून तिला शिव्या घालायची.

पुढे केरबाचं लग्न निघालं. सुरी घेऊन जोतीराम त्याच्या घरी गेला, तेव्हा अंगणात हळद चालली होती. घरातल्या, भावकीतल्या, लांबच्या, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या अशा सगळ्या बाया नवऱ्याला हळद लावत होत्या. सख्खी बहीण मात्र गोठ्यात म्हशीशेजारी चूल मांडून सगळ्या वऱ्हाडाच्या भाकरी थापत होती. तिची सावली पडू नये म्हणून गोठ्याला पोत्याचा पडदा लावला होता. भाकरीला सावली चालते, असं दिसतं. जोतीरामने पडद्याच्या फटीतून तिला बघितलं. ती रडत वगैरे नव्हती. चिडून भाकरी थापत होती, आणि त्या आवाजापुढे हलगी कमी वाटत होती.

या गोष्टीने त्याच्या मनात काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मी तेव्हा गावच्या सोसायटीत सेक्रेटरी होतो, म्हणजे कुणाचं काय चाललंय हे कळणं हेच माझं काम होतं. मला एवढंच दिसलं, की त्या उन्हाळ्यापासून मनुबाई आपली विळी घेऊन जोतीरामच्या भट्टीवर येऊ लागली.

"आवं मिस्त्री," ती म्हणाली, "ह्या विळीनं भोपळा कापत न्हाई, भोपळ्याची समजूत काढावी लागती."

जोतीरामने ट्रकच्या पाट्याचं नवीन पातं करून बसवलं. आठवड्यात ती परत आली. आता काय तर कांदा चेंगरतो. त्याने धार काढून दिली. पुन्हा आली, म्हणाली मेथीची मुळं अडकतात. पुन्हा आली, म्हणाली पातं डुगडुगतं. त्याची सुरी बिनतक्रार घेणाऱ्या अख्ख्या गावात ही एकच बाई त्याच्या पात्यावर अंगठा फिरवून नाक मुरडायची. तो बिचारा रात्री जेवताना आईला विचारायचा, "धार कशी असावी गं बायांला?" राहीबाई म्हणायची, "मला काय ठावं? माझ्या तोंडी तुझ्या डिझेलची भाकर."

एका दुपारी तो कानस खाली ठेवून म्हणाला, "मनुबाई, ही विळी हितंच ऱ्हाऊ द्या."

"आन् मी काय दातानं चिरू?"

"तुमी बी हितंच ऱ्हावा."

मनुबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेली. विळी तिथेच ठेवून गेली. भट्टीसमोरच्या कट्ट्यावर बसून बिडी ओढणाऱ्यांनी हे बघितलं, आणि दिवस मावळायच्या आत वांगझरीतल्या झाडून सगळ्यांना कळलं की केरबाच्या मनूने आपली विळी जोत्याकडे सोडली.

राहीबाई एक दिवस रुसून बसली. मग उठली आणि स्वतःच म्हणाली, "नावं ठिवनाऱ्या ह्या तोंडांनी माझ्या जोत्याला एक पोरगी दावली न्हाई. आता तोंड उचकटायचं काम न्हाई." केरबाही तयार झाला. दोघांचं देवक वेगळं, भावकी वेगळी, ती एक अडचण गावाच्या हाती लागली नाही. पण गाव हात हलवत परत जाणारं नव्हतं. देवळापुढे बैठक बसली आणि नेहमीप्रमाणे लालासाहेब आधी बोलले.

"विधवेच्या लग्नाला आमची ना न्हाई. आमी सुधारल्याली मानसं हाय. पाट लावा की. दिस मावळल्यावर, मागल्या दारानं, दिवा बारीक करून. मांडव न्हाई, वाजाप न्हाई, सुरी-लिंबू न्हाई. पाटाला ह्यातलं कायबी नसतंया."

"बरं," जोतीराम म्हणाला.

"आजून हाय. तू कुवार, ती विधवा. कुवार गड्यानं एकदम पाट लावायचा नसतो. आदी तुझं रुईसंगं लगीन लावायचं. मग रुई उपटून टाकायची. म्हंजे तुझी पयली बायकू मेली, तू बी बिजवर झालास. मग मनुबाईसंगं पाट."

रुई म्हणजे ओढ्याकाठी उगवतं ते पांढऱ्या चिकाचं झुडूप. मारुतीला त्याच्या पानांची माळ घालतात. हा रिवाज आमच्याकडे जुना आहे, त्यामुळे कुणाला हसू आलं नाही. जोतीराम मात्र नीट समजून घेऊ लागला.

"रुईच्या लग्नाला वाजाप?"

"व्हय, रीतसर वाजाप."

"हळद?"

"हळद लागनारच की."

"सुरी-लिंबू?"

"अरं तुझीच सुरी, तुझंच लिंबू. धर की दिसभर. कोन नगं म्हनतंया?"

"दिसाउजेडी?"

"दिसाउजेडी."

"म्हंजे झुडपाच्या दारात मी सुरी घिऊन उजेडात जायाचं, आन् मनुबाईच्या दारात मोकळ्या हातानं अंधारात?"

"मग? रुई कुवार हाय, बाबा," लालासाहेब म्हणाले.

बैठकीत रुईच्या चारित्र्याबद्दल शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. जोतीराम उठला. वाटेत मी त्याच्याबरोबर चाललो. तो फार कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "सेक्रेटरी, मला भुताखेताचं काय न्हाई. गावातल्या समद्यास्नी मी सुरी दिली. मला माझी सुरी धरून तिच्या दारात उजेडात जायाचं हाय. तिला भावाच्या लग्नात पडद्याआड बसवली. तिच्या लग्नात तिला पुन्यांदा लपवायची न्हाई." पुढे घरापर्यंत त्याचे सपाट पाय मातीत फटफट वाजत राहिले.

स्वतःच्या सुरीसाठी त्याने तुटक्या पाट्यांचा अख्खा ढीग उपसला. एक एक पाटा रुळावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा आणि टाकून द्यायचा. शेवटी मनासारखा तुकडा मिळाला. मूठ त्याने चिंचेच्या लाकडाची केली, बाईच्या हातात बसेल अशी थोडी बारीक. वजीर मिस्त्रीने ते बघून सोडून दिलं. मात्र पाणी देऊन, तव्यावर शेकून झाल्यावर जोतीराम दगडावर धार काढायला बसला, तेव्हा मिस्त्रीने त्याला अडवलं.

"आरं जोत्या, गावाचा ठराव हाय. नवरदेवाच्या सुरीला धार लावायची न्हाई."

"ठराव गावाचा हाय. पर सुरी मनुबाई बघनार. तिनं अंगठा फिरवला तर?"

वजीर मिस्त्रीने थोडा विचार केला. "मग लाव बाबा," तो म्हणाला. "गावाला एकवेळ तोंड देता येतं."

रुईशी लग्न दुपारी लागलं. जोतीराम पिवळा धमक होऊन, हातात सुरी आणि टोकाला लिंबू घेऊन ओढ्याकाठी उभा. समोर ती कमरेएवढी नवरी. राहीबाईने तिला हिरव्या बांगड्या अडकवल्या, खणा-नारळाने ओटी भरली आणि खरोखरच डोळे टिपले. इतक्या वर्षांनी सून आली होती, मग ती कशीही असो. अंतरपाट धरला. नवरीकडून कोण उभं राहणार यावर थोडा घोळ झाला, कारण ओढ्याकाठची जमीन ग्रामपंचायतीची. शेवटी सरपंच नवरीचे मामा झाले. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, हलगी-सनई वाजली. लगेच दोन गड्यांनी नवरीला मुळासकट उपटलं आणि ओढ्यात टाकून दिलं. दोघातिघांनी सवयीने टोप्या काढल्या.

"चला," लालासाहेब म्हणाले, "झालं. जोत्या, सुरी ठेव, हळद धू. मावळल्यावर ये केरबाच्या मागल्या दारानं."

जोतीराम सरळ चालू लागला, पण ओढ्याकडे नाही, वरच्या आळीकडे. हळद तशीच, सुरी तशीच, लिंबू तसंच. डोक्यावर भर दुपारचं ऊन.

"आरं कुटं? आरं थांब!" लालासाहेब ओरडले आणि त्याच्या मागे धावले. लालासाहेब धावले म्हणून बाकीची जाणती माणसं धावली. ती धावली म्हणून काय गंमत आहे ते बघायला सगळं गाव धावलं. हलगी-सनईवाल्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. नवरदेव पुढे आणि गाव मागे निघालंय, म्हणजे वरात असणार, असं समजून त्यांनी जोरात सुरू केलं. लालासाहेब जितकं "थांबवा, थांबवा" ओरडत होते, तितका हलगीवाला हुरूप येऊन वाजवत होता. घराघरातून बाया बाहेर आल्या. पुढे पिवळा जोतीराम, त्याच्यामागे फेटा सुटलेले लालासाहेब, मागे अख्खी वांगझरी. लालासाहेबांची कट्यार मिरवणाऱ्या एकाही नवरदेवाला इतकं मोठं वऱ्हाड मिळालं नव्हतं, आणि ते अडवायला आलेल्यांचं होतं.

मनुबाई दारापुढच्या अंगणात बसली होती. विळी जोतीरामकडे, म्हणून दगडी पाट्यावर ठेवून कांदे बुक्कीने फोडत होती. वाजाप ऐकून तिने मान वर केली, आणि नवरदेव दिसल्याबरोबर ती सवयीने उठून आत जायला लागली. इतक्या वर्षांत पायांना तेवढंच शिकवलेलं. जोतीराम अंगणात उभा राहून म्हणाला, "मनुबाई, आत जाऊ नगा. मी तुमच्याकडंच आलूया."

ती थांबली.

"आत हो मनुबाई!" लालासाहेब धापा टाकत म्हणाले. "अंगावर हळद हाय त्याच्या. तुझी सावली पडंल. काय वंगाळ झालं तर कुनी निस्तारायचं?"

मनुबाईने सगळ्या गावाकडे नजर फिरवली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिला खुर्चीवर बसलेली बघितली होती आणि गोठ्यात बसलेलीही. मग ती मोठ्या अदबीने म्हणाली, "आवं लालासाब, येवढ्या उन्हातनं पळत आलासा. बसा की. सरबत करते."

तिने जोतीरामपुढे हात केला. सुरी हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. जोतीरामने ती खाली पाट्यावर ठेवली. तिने उचलली. टोकाचं लिंबू उपसून काढलं आणि पाट्यावर धरलं. बायांमधली एक जण खुदकन हसली, "आगं नवरदेवाच्या सुरीनं कवा लिंबू कापलंय व्हय?" मनुबाईने पात्यावर अंगठा फिरवला. तिचा चेहरा जरा बदलला. मग तिने सुरी लिंबावर टेकवली, आणि लिंबाचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले. सुरी दगडापर्यंत गेल्याचा आवाजही आला नाही. ज्या लिंबाने सगळ्या हडळी अडवायच्या, ते तिने तांब्यात पिळलं, गूळ टाकला, चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळलं.

"एकच लिंबू हाय," ती म्हणाली. "समद्यास्नी न्हाई पुरायचं. पयला मान तुमचा, लालासाब."

लालासाहेबांनी आयुष्यात पहिला मान कधी नाकारला नव्हता, आणि ती सवय त्यांना नडली. घसा कोरडा, फेटा सुटलेला, समोर सगळं गाव, आणि पुढे केलेला तांब्या. त्यांनी तो घेतला. प्यायले. अर्धा पिऊन त्यांच्या लक्षात आलं असावं, की विधवेच्या हातचं, नवरदेवाच्या सुरीवरचं लिंबू आपल्याच पोटात गेलं. आता या लग्नाला नाही म्हणायचं तर आधी स्वतःला उतारा करून घ्यावा लागेल. त्यांनी उरलेलं अर्धंही पिऊन टाकलं. "गूळ कमी हाय," एवढंच म्हणाले आणि ओट्यावर बसले. भटजी पाठोपाठ आलेच होते. तिथेच, त्याच उन्हात लग्न लागलं.

पण त्याआधी मनुबाईने सुरी पदराने पुसली, उजेडात आडवी धरून बघितली आणि जोतीरामला म्हणाली, "धार लागलीया."

त्या बाईच्या तोंडून हे ऐकायला त्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा घालवला होता.

"विळीची बी लागली हुती," ती म्हणाली. "पयल्याच खेपेला."

सगळ्या गावादेखत. मला सांगायला लाज नाही, माझे डोळे भरून आले. जोतीरामच्या तोंडावरच्या हळदीतून तर दोन ओघळ सरळ हनुवटीपर्यंत आले होते, आणि ते पुसायला त्याचे हात अडकलेले नव्हते तरी त्याने पुसले नाहीत.

त्यानंतर जोतीरामने बिनधारेची सुरी केली नाही. कुणी मागायला आलं की मनुबाई आतून सांगायची, "आमच्यात धारंचीच मिळंल. लिंबू खोचताना हात कापतोय, ते मी खोचून दीन. नगं असंल तर लालासाबांची कट्यार हाय." कट्यार घ्यायची म्हणजे लालासाहेबांनाही घ्यायचं, हे गावाला ठाऊक होतं. गावाने विचार केला आणि मनुबाई पत्करली. आता आमच्या वांगझरीत हळदीचा नवरदेव आधी तिच्या अंगणात जातो, सुरी पाट्यावर ठेवतो, आणि ती लिंबू खोचून देईपर्यंत मान खाली घालून उभा राहतो. केरबाच्या पोराच्या लग्नातही तसंच झालं. गोठ्याला त्या वेळी पोतं नव्हतं. भुतांचं यावर काय म्हणणं आहे ते अजून कळलेलं नाही.